परातीच्या कडेचं पान

सोमवार, ९ जुलै २००७

अकरा! एका रविवारात अकरा नवे फोटो, आणि त्यातले सात असे की झाड हललं का माणूस, काही कळायला मार्ग नाही. एकाने तर अख्खा डोंगरच पाठवलाय — यातली भाजी कोणती म्हणे. मी लिहिलं, जवळ जा, एकच झाड धरा. पानाची पुढची बाजू, मागची बाजू, शेंडा, बुंधा. चार फोटो. नियम क्रमांक दोन. वाचतच नाहीत मेले! पण नवख्याला हसायचं नाही हा नियम क्रमांक एक, आणि तो मीच लिहिलाय. म्हणून इथे हसते.

प्रणितने डोंबिवलीत बसून ही ‘रानपान’ साइट काढली त्याला वर्ष झालं. रानभाज्या ओळखायला शिकायच्या, एवढंच. मॉडरेटर मला केलं, कारण मी शहापूरची आणि कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. आता तिथे मी काय करते, तर बाटल्या धुते आणि चिठ्ठ्या चिकटवते. सर मला ‘अगं ए’ म्हणतात. पण साइटवर मी रश्मीताई! सहाशे माणसं ‘ताईंना विचारा’ म्हणतात. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं.

माझं ‘कुळी कशी ओळखावी’ हे पान सगळ्यात जास्त वाचलं जातं. कुळी म्हणजे पहिल्या पावसात रानात उगवणारी पातीची भाजी, या दिवसांत सगळ्यांना तीच हवी. शेवटी मी एक खास आमच्याकडची गोष्ट टाकलीय — जुडी बांधताना शेंडे खुडावेत, आमच्या बाजारात वाडीवरच्या बायका तशाच बांधतात, जुडी छान दिसते. लोकांना फार आवडलं ते.

आज दुपारच्या सुट्टीत ‘नवखा_मुरबाड’ नावाच्या एकाचा फोटो आला. परातीत कुळी, एका दिशेला नीट लावलेली, शेंडे खुडलेले. लिहिलंय की लहानपण सगळं परळला गेलं, भाजी म्हणजे मंडईतली. आता मुरबाडला कारखान्यात लागलोय. तुमचं पान वाचून आयुष्यात पहिल्यांदा स्वतः रानातून तोडून आणली, तुम्ही सांगितलंत तसे शेंडेही खुडले. ओल्या फडक्यात ठेवलीय. उद्या संध्याकाळी बायको माहेरून येतेय, तेव्हा करणार. बरोबर आहे ना, ताई?

दोनला चार मिनिटं कमी होती. दोनला लाईट जाते ती सहापर्यंत. फोटो नेहमीसारखा वरून पट्ट्यापट्ट्यांनी उतरत होता. पाऊण परात दिसली तेवढ्यात मी लिहूनही टाकलं — हो, कुळीच! छान निवडलीत. कांदा-लसणावर परता, पाणी घालू नका.

गोड वाटला बिचारा.

मंगळवार, १० जुलै

अक्षर बघ कसं आलंय.

आज सर पंचायत समितीत गेले होते म्हणून मी दीडलाच कॉम्प्युटरवर बसले. कालचा तो फोटो उगाचच परत उघडला. ‘छान निवडलीत’ हे माझंच वाक्य परत वाचायला, दुसरं काय. या वेळी फोटो पूर्ण उतरला. परातीच्या खालच्या कडेला एक पान बाकीच्यांपासून वेगळं पडलंय. त्याचा शेंडा खुडायचा राहिलाय. आणि तो शेंडा गुंडाळलेला आहे, घड्याळातल्या बारीक स्प्रिंगसारखा.

कुळीचा शेंडा सरळ असतो. असा वळतो तो कळलावीचा. फूल एवढं देखणं आणि कंदापासून पानापर्यंत विष! कोवळी असताना कुळीच्या गर्दीतच उगवते. शेंडा खुडून टाकला की पातीत पात, कुणालाही कळायचं नाही. मग परातीत ते एकच होतं का दहा होती, कोण सांगणार? शेंडे तर त्याने खुडलेत. मी सांगितलं म्हणून खुडलेत.

एक चाळीस झाले होते. लाईट जायला वीस मिनिटं. आता जे केलं ते इथे तरी खरं लिहिते. ‘भाजी खाऊ नका’ एवढे तीन शब्द लिहायला किती वेळ लागतो? मी ते लिहिले नाहीत. मी आधी माझं कालचं उत्तर काढून टाकलं. मॉडरेटर आहे ना, बटण आहे माझ्याकडे! आधी ‘हो, कुळीच’ गेलं, माझं नाव गेलं. त्याचा फोटो आणि प्रश्न तसाच राहिला, खाली काहीच नाही.

मग म्हटलं, आता सावध करते. पण कसं लिहायचं? काल मी हो म्हटलं होतं हे इतरांना दिसू नये असं वाक्य शोधत बसले. ‘अशा वेळी जाणकारांनी…’ खोडलं. ‘नवख्यांनी नेहमीच…’ खोडलं. पंधरा मिनिटं मी वाक्यं जुळवत होते! दोनला लाईट गेली.

लगेच माझ्या मनाने म्हटलं, लाईट गेली त्याला तू काय करणार.

मग पाचपर्यंत बारावीचं प्रॅक्टिकल. दोन परीक्षानळ्या फोडल्या. सुटल्यावर स्टँडजवळच्या सायबर कॅफेत पळाले, सहाला लाईट आली तर त्याची फोनची लाइन डेड. सव्वासातला लागली. ‘नवखा’ला खाजगी निरोप टाकला — भाजी करू नका, कळलावी असू शकते. तोवर संध्याकाळ झालीच होती की! बायको आली असेल, चूल पेटली असेल.

प्रणितला फोन केला. त्या नवख्याचा नंबर आहे का म्हटलं. फक्त ईमेल आहे म्हणाला. का गं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, सहज.

सहज!

बुधवार, ११ जुलै

सकाळ — निरोप वाचलेला नाही. दुपार — वाचलेला नाही. संध्याकाळ — नाही.

आई म्हणाली, पायाला भिंगरी लागलीय का गो तुझ्या? पडवीतून मोरीत, मोरीतून पडवीत. बस की जरा.

काल कॅफेतून त्या फोटोचा कागद काढून आणला होता. आज कॉलेजच्या आधी तो घेऊन बाजारात गेले. भागीकडे. वाडीवरून रोज डोक्यावर पाटी घेऊन येते, आई वीस वर्षं तिच्याकडनंच भाजी घेते. मी कागद पुढे धरला. म्हटलं, यात कळलावी किती आहे ते सांग. तिने कागद उलटा केला, सुलटा केला आणि परत दिला. नाय सांगनार म्हणाली. कागदाला वास नाय, मोडला तर मोडत नाय, कसं सांगू? भाजी हातात घेतल्याबिगर ती कुणालाच काही सांगत नाही. आईपण नाही सांगत. मला हे माहीत नव्हतं का? लहानपणापासून माहीत आहे!

मग मी विचारलं, शेंडे खुडले की कळलावी कशी ओळखायची?

भागीने जुडी बांधता बांधता मान वर केली. हात चालूच. एकेक पात अंगठ्याखालून जात होती.

“आमी खुडतो का शोभेला? शेंडा हाताला लागाया पायजे म्हनून खुडतो. कळलावीचा शेंडा बोटाला गुततो. गुतला का सगळी जुडी सोडायची नि परत बघायची.”

मी तिथेच उभी. तीस वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर चाललंय. त्या बायका शेंडा खुडतात ती तपासणी असते. एकेका पानाची! आणि मी, शहापूरची, जानकीबाईची मुलगी, सहाशे लोकांना लिहून सांगितलं की जुडी छान दिसते. त्याने माझं ऐकून कात्रीने सरळ रेषेत कापले असतील. फोटोत तसेच दिसतात.

भागीने विचारलं, कोनी खाल्लं का गो? मी म्हटलं, माहीत नाही. तिने जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला तिथे थांबवेना.

गुरुवार, १२ जुलै

रजा टाकली. पोट बिघडलंय असं सांगितलं.

किन्हवलीवरून मुरबाडची एसटी चुकली, मग सरळगावपर्यंत एका जीपमध्ये आणि पुढे दुसऱ्या. सगळा वेळ मनात हिशोब — मंगळवारी रात्री खाल्ली असेल तर बुधवारी उलट्या, तर आज काय? परत तेच. शेजारची बाई म्हणाली, ताई, लागतंय का गाडीचं? खिडकीत बसा.

मुरबाडला दोनच कॅफे. पहिल्यात कोणाला काही माहीत नाही. दुसरा दामूशेठ म्हणून एकाचा. त्याला भाजीचा फोटो दाखवला मात्र, तो हसला. म्हणाला, हा तर आमचा चंदर! दोन दिवस हीच परात दाखवत होता सगळ्यांना. मंगळवारी सहाच्या सुमाराला आला होता, लाईट आल्या आल्या. स्क्रीनकडं बघत बसला. मला विचारलं, साइट बिघडलीय काय? मी म्हटलं नाय. मग उठून गेला. रोज येतो, पन मंगळवारपासून आला नाय बघा.

राहतो कुठे? नक्की माहीत नाही, एमआयडीसीकडं खोली हाय. मी उठले, तेव्हा पाठीमागून त्याने आपलं सहज सांगावं तसं सांगितलं, “बायको अवघडलेली हाय त्याची. सातवा चालू हाय.”

कळलावी. आमच्याकडे लहान पोरीलाही माहीत असतं की हिचा कंद अडलेल्या बाईच्या नुसत्या पोटावर लावायचे, आणि त्यानेसुद्धा कळा सुरू व्हायच्या. पोटात गेली तर?

एमआयडीसीच्या बाजूला दोन तास फिरले. चंदर नावाचे तीन निघाले, त्यातला एकही तो नाही. एका वॉचमनने हाकललं. मग सरकारी दवाखान्याबाहेर उभी राहिले. आत जायची हिंमत होत नव्हती. शेवटी पायरीवर बसलेल्या आयाला विचारलं, कोणी गरोदर बाई आली का हो, भाजी खाऊन? ती म्हणाली, नाय गो, तापाचेच हायत सगळे. मला हायसं वाटलं, आणि लगेच वाटलं, म्हणजे कल्याणला नेलं असेल.

घरी आले तेव्हा आई दारातच. पोट दुखत होतं नि मुरबाडला गेलीस? कुणी सांगितलं तिला, देव जाणे. या गावात काही लपत नाही, माझं तेवढं लपलंय.

शुक्रवार, १३ जुलै

जिवंत आहे. जिवंत आहे! सगळे ठीक आहेत.

दुपारी साइट उघडली तर पहिलंच त्याचं. दोनदा वाचलं, मग प्रयोगशाळेच्या मागे जाऊन रडले. इथे उतरवून ठेवते —

“मंगळवारी भाजी चिरायच्या आधी ताईंचं उत्तर परत एकदा वाचावं म्हणून कॅफेत आलो, तर उत्तरच नाही. आधी वाटलं साइट बिघडली. मग म्हटलं, ताईंनी काढलंय म्हणजे काहीतरी चुकलंय. घरी जाऊन सगळी उकिरड्यावर टाकली. मग दोन दिवस जोडपाळी लागली. आज येऊन बघतो तर ताईंचा निरोप — कळलावी! माझी बायको दोन जिवांची आहे. ताई, तुम्ही उत्तर काढलंत म्हणून आमच्या घरात तीन माणसं वाचली. बाळाला तुमच्या पायावर घालायला आणीन.”

खाली अठ्ठेचाळीस उत्तरं. धन्य ताई. सलाम ताई. याला म्हणतात जबाबदारी. नाशिकच्या सतीशने, आमच्या दुसऱ्या मॉडरेटरने, लिहिलंय की मी असतो तर घाबरून गेलो असतो.

मी लिहिलं, काळजी घ्या, बायकोला जपा. एवढंच लिहिलं.

शनिवार, १४ जुलै

प्रणितने नियम क्रमांक सात टाकला. सगळ्यात वर, लाल अक्षरात — ‘दिलेल्या उत्तराबद्दल शंका आली, तर मॉडरेटरने रश्मीताईंप्रमाणे प्रसंगावधान राखून ते ताबडतोब काढून टाकावे.’

प्रसंगावधान!

फोन करून तो म्हणाला, तुझ्यावर पेपरात छोटंसं देऊ या का? मी नको म्हटलं. किती साधी आहेस गं, म्हणाला.

मी काय सांगायला हवं होतं? अरे बाबा, उत्तर काढून कुणाचा जीव वाचत नाही, ‘खाऊ नका’ लिहून वाचतो. तो चंदर शहाणा म्हणून त्याने अर्थ लावला. मी तर माझं नाव पुसत होते. दहा वेळा तोंडाशी आलं. पण तो बोलतच होता, आणि खरं सांगू? ऐकायला आवडत होतं.

रविवार, १५ जुलै

विहारात वंदनेला गेले आईबरोबर. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं बोलणार नाही त्याला, आवाजच फुटेना. नुसते ओठ हलवले. आईने तिरक्या नजरेने पाहिलं.

घरी येऊन तिने ताट वाढलं, त्यात कुळी. भागीकडचीच होती. मी भाजीला हात लावला नाही. मग सगळं सांगितलं तिला, कॉम्प्युटर, बटण, पंधरा मिनिटं, लाल अक्षरं. तिला साइट म्हणजे काय ते धड कळत नाही, पण गोष्ट बरोबर कळली. म्हणाली, म्हंजे तू लपलीस, नि लोकांना वाटलं तू धावलीस.

हो.

“मग सांग की त्यांना. तोंड हाय ना तुला?”

सोपं आहे का ते! तिला सहाशे माणसं ताई म्हणत नाहीत. मी तसं म्हटलंसुद्धा, आणि वर चिडले. तिने माझ्या ताटातली भाजी स्वतःच्या ताटात घेतली आणि जेवली.

मंगळवार, १७ जुलै

कुळीचं पान सुधारलं. ‘शेंडा शोभेसाठी खुडत नाहीत. एकेक शेंडा बोटाने तपासून मग खुडायचा, बोटाला गुंतला तर सगळी जुडी सोडून परत बघायची. ही माहिती शहापूर बाजारातल्या भागीबाईंची. आधी मी चुकीचं लिहिलं होतं.’ हे शेवटचं वाक्य लिहायला अर्धा तास गेला. लोकांनी त्याचंही कौतुक केलं. ताई किती प्रामाणिक!

असं वाटलं की कोणीतरी माझ्या थोबाडीत मारावी.

शुक्रवार, २० जुलै

तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. चंदरचा निरोप आलाय — मुलगी झाली तर नाव रश्मी ठेवणार.

सोमवार, २३ जुलै

आता वाटतं, जाऊ दे. कुणाचं वाईट झालं नाही. तो वाचला, पान सुधारलं, नियम काय, शंभर असतात. मी मुद्दाम सांगायला गेले तर साइटवरचा विश्वासच जाईल लोकांचा. नवखे मग कुणाला विचारणार? हे मी गेले चार दिवस स्वतःला सांगतेय. झोप मात्र येत नाही, आणि कॉलेजात सर ‘अगं ए’ म्हणाले की हल्ली दचकते.

गुरुवार, २६ जुलै

कसाऱ्याच्या कुणी ताराबाई. त्यांच्या सुनेने रविवारी आळंब्यांचा फोटो टाकला होता. सतीशने लिहिलं, खायच्या आहेत. नंतर त्याला शंका आली. त्याने उत्तर काढून टाकलं आणि खाली एक अक्षर लिहिलं नाही. नियम क्रमांक सात. सुनेने परत पाहिलं तर काही नाही. तिला वाटलं साइट बिघडली. रविवारचं हो तिच्या लक्षात होतं. तिघांनी खाल्ल्या. दोघं काल घरी आले. ताराबाई अजून दवाखान्यात आहेत, शुद्धीवर नाहीत.

सतीशचा फोन आला. रडत होता. सारखं एकच — मी तर तुमच्यासारखंच केलं ना, ताई?

आता दुपारचा दीड वाजलाय. वही शेजारी उघडी ठेवून साइटवर लिहिलं — ‘सतीशची चूक नाही. १० तारखेला मी माझं उत्तर काढलं ते चंदरला वाचवायला नाही. मी चुकले होते हे कोणाला दिसू नये म्हणून काढलं.’ खाली पूर्ण नाव घातलं.

पाठवलं. लाईट होती.